एफएमला एका ओळीपेक्षा अधिक जागा हवी होती
रेडिओच्या विकासाचा आढावा घेणाऱ्या एका लेखात एफएमचा (लहरींची वारंवारता बदलून आवाज पाठवण्याच्या पद्धतीचा) उल्लेख एका ओळीत आटोपला आहे, याची खंत वाटते. विजांमुळे व विद्युत यंत्रांमुळे होणारी खरखर मुख्यतः रेडिओ लहरींच्या आयामात, म्हणजे उंचीत, मिसळते. म्हणून आयाम स्थिर ठेवून आवाजानुसार वारंवारता (लहरींची दर सेकंदाची संख्या) बदलावी आणि त्यासाठी मुद्दाम वारंवारतांचा रुंद पट्टा वापरावा, हा अमेरिकी अभियंते एडविन आर्मस्ट्राँग यांचा विचार, पट्टा अरुंद तितकी खरखर कमी, या तत्कालीन समजुतीच्या अगदी उलट होता. १९३३ मध्ये त्यांना त्याची पेटंटे मिळाली. मात्र १९४५ मध्ये अमेरिकी नियामकांनी एफएमचा ४२ ते ५० मेगाहर्ट्झचा पट्टा ८८ मेगाहर्ट्झच्या वर हलवला आणि लोकांकडील जुने संच निरुपयोगी ठरले. हा निर्णय मला अन्यायकारक वाटतो, कारण त्यामुळे एफएमचा प्रसार कित्येक वर्षे रखडला.