चीक थांबत नसतो

परवा सकाळी पावणेआठला फोन वाजायला लागला तो थांबेचना. आमच्या धंद्यात याचा एक हिशोब असतो. एक फोन आला तर कुणाच्या तरी राउटरची पिन निघालीय, तीन आले तर त्या आळीची लाईट गेलीय, आणि दहाच्या वर गेले की फोन न उचलता सरळ चप्पल घालायची. अकरा आले. चप्पल घातली.

थोडक्यात सांगतो, कारण हा भाग सांगून सांगून मलाच कंटाळा आलाय. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, पुणे-नाशिक हायवेपासून साडेपाच किलोमीटर आत. फायबर हायवेपर्यंत येतं आणि तिथेच थांबतं. आत आणायचं म्हणजे खांब आले, परवानग्या आल्या, आणि दर पंधरा दिवसांनी पाईपलाईनसाठी चर खणणारा जेसीबीवाला आला. म्हणून मी हवेतून आणायचं ठरवलं. ऑक्टोबर 2018 मध्ये सरकारने 5 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींमधला 605 मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्समुक्त केला, म्हणजे ठरलेल्या पॉवरच्या आत राहून तिथे कुणीही डिश लावावी, फ्रिक्वेन्सीचे पैसे नाहीत. लोकांना नेट विकायचं लायसन्स मात्र लागतंच, ते दुसऱ्या कंपनीचं, मी फ्रँचायझी. हायवेला एका बिल्डिंगवर एक डिश, गावात गुरुजींच्या गच्चीवर दुसरी, दोघी एकमेकींकडे टक लावून बघत बसतात आणि त्या बघण्यावर माझी 41 कनेक्शनं चालतात. झालं सेटअप.

आता गुरुजींची गच्ची. गुरुजी म्हणजे झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले, गावात सगळ्यात उंच घर त्यांचं. गच्ची दिली, पण अटींवर. त्यांना कनेक्शन फुकट, लाईट बिलाचे महिन्याला तीनशे वेगळे, आणि स्लॅबला एकसुद्धा भोक पाडायचं नाही कारण एका टीव्हीच्या डिशवाल्याने पाडलेल्या भोकातून 3 पावसाळे गळतंय. मग मी काय केलं, रंगाची 20 लिटरची बादली घेतली, मधोमध जीआय पाईप उभा केला, काँक्रीट ओतलं आणि वाऱ्याने फिरू नये म्हणून तीन बाजूंनी तारा ताणून कठड्याला बांधल्या. हे इंजिनियरिंग कुठल्याही पुस्तकात बसत नाही हे मला माहितीये. जिन्याच्या छपरावर पक्कं बसवता आलं असतं, गावात घराघरांत नेट पोचवणारे, गावाकडे तोंड केलेले दोन सेक्टर अँटेना मी तिथेच बसवलेत, पण तिथून हायवेकडे बघायला गेलं की मध्ये शेजारच्यांची चिंच आडवी येते. 5 गिगाहर्ट्झला पाला चालत नाही, ओला पाला तर अजिबात नाही. खाली गच्चीच्या कोपऱ्यातून मात्र चिंच आणि पाण्याची टाकी यांच्यामधून बरोबर फट मिळते. त्या फटीवर माझं पोट आहे.

तर गच्चीवर पोचलो. बघतो तर डिश जाग्यावर आहे, लाईट आहे, केबल कुठे कुरतडलेली नाही, फक्त डिशचं तोंड फिरलंय. थोडंथोडकं नाही, चांगली पाव चक्कर. हायवेकडे बघणारी डिश शिवनेरीकडे बघत होती. आणि माझ्या तीन ताणांपैकी दोन तारा गायब. त्या सापडल्या लगेच. त्याच तारांनी एक जुनी नऊवारी कठड्यापासून कठड्यापर्यंत ताणून बांधली होती आणि त्या नऊवारीवर गोल गोल, पांढऱ्या, चकचकीत, ओल्या कुरडया. रांगेने. गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये काकू, हातात सोऱ्या.

"काकू, ही थाळी कुणी फिरवली?"

"मी आन् सूनबाईंनी. लई जड केलीस रं बादली. माझ्या कमरेत भरलं."

आता तुम्हीच सांगा, यावर काय बोलायचं? एकतर कंप्लेंट माझी, आणि कंबर काकूंची.

"पण का फिरवली?"

"सावली पडती की!" काकूंनी सोऱ्यानेच दाखवलं. "सकाळच्या उन्हाला ही एवढी गोल सावली, अख्ख्या तीन कुरडयांवर. त्या आतून ओल्या राहत्यात, मग डब्यात बुरशी धरती."

मी म्हणालो की काकू, सावली तर सरकते, दहा मिनिटांनी पुढच्या कुरडयांवर जाईल. तर त्या म्हणाल्या, मग त्या पण ओल्या राहतील की. याला उत्तर नाही. मी मग धंद्याची बाजू मांडायला घेतली, की ही डिश हलवायची नसते, हिचं तोंड समोरच्या डिशकडेच लागतं, एक अंश जरी फिरली तरी साडेपाच किलोमीटरवर जवळजवळ शंभर मीटरचा फरक पडतो. एवढं सगळं मी सकाळी आठ वाजता, चहा न घेता, हातवारे करून समजावलं. काकूंनी नीट ऐकून घेतलं. शिक्षकाची बायको आहे, ऐकून घ्यायची सवय आहे. आणि मग म्हणाल्या,

"आरं पण खोडदच्या फिरत्यात की."

आमच्या भागात डिश लावणाऱ्या माणसाचं यापेक्षा मोठं दुर्दैव नाही. नारायणगावजवळ खोडदला ती प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, चौदा खोडदला एकमेकींजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना लांबपर्यंत पसरलेल्या. विज्ञान दिनाला अख्खा तालुका बघायला जातो, काकू दरवर्षी नातवाला घेऊन जातात, आणि तिथला पोरगा जे सांगतो ते काकूंना पाठ आहे. त्यामुळे आमच्याकडे थाळी म्हणलं की मापदंड एकदम 45 मीटरचा. माझी दोन फुटाची.

"एवढी धूड थाळी, पण कशी गरागरा फिरती. आभाळात तारा सरकला की ही पण सरकती. तुझी का फिरत न्हाई? ऊन आलं की जरा बाजूला, ऊन गेलं की पुन्हा जाग्यावर."

मी म्हणालो, काकू त्या आकाशातलं ऐकतात, तारा हलतो म्हणून त्यांना हलावं लागतं. माझी समोरची डिश हलत नाही, म्हणून हिनेही हलायचं नाही. आणि त्या नुसतं ऐकतात, बोलत नाहीत. माझीला ऐकावंही लागतं आणि बोलावंही लागतं. (नुसतं ऐकायचं काम काकूंच्या घरात गुरुजी करतात. ते खाली ओट्यावर पेपर वाचत होते आणि एवढ्या सगळ्यात त्यांचा एकच शब्द ऐकू आला, "हं".)

"आन् त्यांच्या थाळीला जाळी हाय," काकू पुढे. "आरपार दिसतं. सावलीच पडत न्हाई म्हण. तू हा पत्रा कशाला लावला?"

खरं सांगू का, इथे मला मनापासून राग आला, कारण काकूंचं बरोबर होतं. खोडदच्या थाळ्या तारेच्या जाळीच्याच आहेत. जाळीचं भोक लहरीपेक्षा बरंच लहान असलं की लहरीला ती जाळी पत्र्यासारखीच वाटते, आणि वारा मात्र आरपार जातो. माझ्या फ्रिक्वेन्सीला लहर साधारण साडेपाच सेंटीमीटरची, म्हणजे जाळी बारीक हवी, पण मिळते. बाजारात तसल्या ग्रिड डिश आहेत. स्वस्तही आहेत. मी घेतली नाही कारण दुकानदार म्हणाला ही भरीव घ्या मालक, दिसायला भारी दिसते. तर बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स झालेल्या माणसाला अँटेनाची निवड चुकली हे कुरडया घालता घालता एका बाईने सांगितलं.

तोपर्यंत फोन चालूच. एकाची मीटिंग, एका मुलीचा ऑनलाईन टेस्टचा पेपर, एकाला काहीच नव्हतं तरी तो विचारत होता किती वेळ लागेल. हा शेवटचा माणूस तीन महिने थकलाय. साडेचारशे रुपये महिना, वर जीएसटी, तर म्हणतो जीएसटी कशाला. मोबाईलचं रिचार्ज दुपटीने वाढलं तरी मुकाट मारतात कारण तिथे भांडायला माणूसच नाही, मी मात्र रोज दुधाच्या डेअरीवर उभा सापडतो. जुन्नर तालुक्यात रात्री नऊनंतर बाहेर पडायचं म्हणजे बिबट्याची भीती, आम्ही मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून चालतो, तसं चालत जाऊन मी लोकांच्या घरी राउटर बंद करून चालू करून आलोय. एकाही माणसाने पाणी घेता का विचारलं नाही. एकाने विचारलं, स्पीड का कमी वाटतो. असो. विषय कुरडयांचा आहे.

मी काकूंना शेवटचं म्हणालो, काकू, एक्केचाळीस घरं बंद आहेत.

काकूंनी सोऱ्या खाली ठेवला. "हे बघ. गहू तीन दिस भिजवला. रोज पाणी बदललं. काल वाटला, चीक काढला, पहाटं चारला उठून शिजवला. आता तुझी एक्केचाळीस घरं दोन तास थांबत्यात का न्हाई?"

"थांबतात."

"चीक थांबत नसतो."

संपलं. मी एवढी वर्षं एसएलए, अपटाईम, असले शब्द वापरतोय, पण प्राधान्य कशाला म्हणतात हे मला परवा कळलं. मग तोडगा निघाला. डिश मी परत हायवेकडे फिरवायची, सावली पडेल ती पडेल, पण त्या बदल्यात कावळे मी हाकायचे. कावळ्यांचा संबंध काय? तर कावळे माझ्या डिशच्या कडेवर येऊन बसतात आणि तिथून कुरडयांवर झेप मारतात, डिश नसती तर त्यांना बसायला जागा नसती, म्हणून ते कावळे माझे. सूनबाई अंगणवाडीत गेली होती, ती येईपर्यंत. ओल्या कुरडया हलवल्या तर मोडतात त्यामुळे साडी सरकवायचा प्रश्नच नव्हता.

मी बादलीला मिठी मारली आणि फिरवायला लागलो. एका हाताने बादली, दुसऱ्या हातात मोबाईलवर सिग्नल. वजा 84. वजा 79. वजा 71. मी मोठ्याने आकडे म्हणतो, सवय आहे, एरवी समोरच्या टोकाला फोनवर पोरगा असतो.

"सगळं वजाच?" काकू.

"वजाच असतं काकू. वजा 58 आला की झालं."

"म्हणजे तोटाच की रं," त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, आणि खरंच वाईट वाटलं त्यांना. आत जाऊन चहा ठेवला. ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांच्यावर पूर्ण चिडू शकत नाही.

वजा 59 ला आलं, म्हणलं बास. तारा मागायची सोय नव्हती, कारण त्या सोडल्या असत्या तर नऊवारी खाली, मग एका बाजूला दोन विटा, दुसऱ्या बाजूला पाट्याचा जुना दगड टेकवला. नेट आलं. फोन थांबले. आणि मी, गावातला एकमेव इंटरनेट सर्व्हिस प्रोव्हायडर, गच्चीच्या मधोमध प्लास्टिकच्या स्टुलावर, एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात वेळूची काठी घेऊन बसलो. हाड् हाड् म्हणावं तर ते कुत्र्याचं, कावळ्याला काय म्हणतात तेच आठवेना, मग नुसतं "ए" म्हणत होतो. कावळा डिशवर बसला की माझ्या छातीत धस्स, कारण काठी जोरात लागली तर पुन्हा सिग्नल जाणार. त्यामुळे मी त्याला जवळजवळ विनंती करत होतो.

आणि नेमका तेव्हा समोरच्या गच्चीवरून तो तीन महिने थकलेला गृहस्थ दात घासत बघत होता. फोटो काढला. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "नेट का बंद होतं ते समजलं. मालक बिझी आहेत." बावीस हसणारे चेहरे, त्यात तीन माझे नातेवाईक आणि एक ग्रामपंचायत सदस्य. मी वेळ बघितली, फोटो 9 वाजून 14 मिनिटांनी पडला. नेट 9 वाजून 6 मिनिटांनी आलं होतं. म्हणजे साहेबांनी तो माझ्याच नेटवरून टाकला, फुकट. तिथेच बसल्या बसल्या त्याचं कनेक्शन बंद करायला मला दोन टिचक्या पुरल्या असत्या. अंगठा तिथे नेलासुद्धा. पण त्याच्या घरूनच ती पोरगी टेस्ट देत होती.

निघताना काकूंनी वाटीभर गरम चीक दिला, वर दूध आणि गूळ घालून. उभ्या उभ्याच खाल्ला. जिन्यात असताना वरून आवाज आला,

"मंगळवारी सांडगे हायेत रं! जरा लवकर ये!"

घरी आलो आणि सगळ्या 41 जणांना मेसेज टाकला. मंगळवारी सकाळी 7 ते 10 तांत्रिक कारणास्तव सेवा खंडित राहील, तसदीबद्दल क्षमस्व. दोन मिनिटांत त्या थकलेल्याचं उत्तर आलं: "पापड का?"