स्पीकरवरच्या ठिपक्यांबद्दल खुलासा

‘कॅलिग्राफीच्या टाकाने स्पीकरच्या कागदी कोनवर शाईचे ठिपके द्या, बास दुप्पट होईल’ हा मेसेज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापासून आमच्या गिरगावातल्या ग्रुपपर्यंत फिरतोय. तसं होत नाही. (कोन म्हणजे स्पीकरमधला, थरथरून आवाज काढणारा शंकू; बास म्हणजे आवाजातला खालचा, घुमणारा भाग.) ठिपक्यांची पद्धत खरी आहे, पण तीत पातळ केलेला अ‍ॅक्रेलिक रंग वापरतात, आणि हेतू असतो कोनच्या पृष्ठभागावरची नको ती कंपनं आवरण्याचा. बास ठरतो कोनचं वजन, त्याची लवचिक कड आणि स्पीकरच्या पेटीचं आकारमान यांवर.

मी जुन्या ८ इंची स्पीकरवर करून पाहिलं. शाई कागदात फुटली, कडेजवळ कोन सुरकुतला. माईक लावून आधी-नंतर मोजलं, आलेखातली बासची रेघ जागची हलली नव्हती. चांगला स्पीकर हकनाक जातो हो! कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका; पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.