टॅबचं ठरलंय, तुम्ही फक्त टिचकी मारा

शाळेच्या ग्रुपवर आज मेसेज आलाय. पुढच्या वर्षी सहावीपासून वर सगळ्यांना टॅब. टॅब कुठला घ्यायचा ते शाळेनेच ठरवलंय, त्यातलं ॲपही शाळेनेच निवडलंय. खाली लिंक. लिंकमध्ये इंग्रजीत पानंच्या पानं मजकूर आणि शेवटी एक चौकोन, 'आय ॲग्री'. मुदत उद्या दुपारी 12 पर्यंत. शंका विचारायची सोय नाही, कारण ग्रुपवर फक्त ॲडमिनच बोलू शकतात. वर हात जोडलेला इमोजी.

डोकं फिरलंय. लांबलं तर सांभाळून घ्या.

शाळेला पालकांची आठवण येते कधी? फीची तारीख आली की. स्नेहसंमेलनाला मावळ्याचा ड्रेस भाड्याने आणायचा असला की. प्रदर्शनाला पुठ्ठ्याचा रायगड हवा असला की (तो कोण बनवतं हे बाईंनाही ठाऊक असतं, आपल्यालाही). पण पोर वर्गात किती वेळ काचेकडे बघणार, तिची कुठली माहिती कुणाकडे जाणार, हे ठरवायचं असलं की आपण एकदम अडाणी.

हेच ॲप आधी फक्त गृहपाठापुरतं आलं, तेव्हा निदान पालकसभा झाली होती. सभा कसली, स्लाइड शो! कंपनीचा टाय लावलेला मुलगा 'फ्यूचर रेडी, फ्यूचर रेडी' करत होता. शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' झालं आणि मागच्या रांगेतून एक ताई उभ्या राहिल्या. पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटतात. मुलगी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांतून आलेली, माझ्या लेकीच्याच वर्गात. म्हणाल्या, "मॅडम, अभ्यासाचा फोटो साडेसातच्या आत टाका म्हणताय. आमच्यात फोन एकच, तो ह्यांच्याकडे असतो. हे रात्री नऊला घरी येतात. मग पोरीने काय करायचं?"

टायवाला मुख्याध्यापिकांकडे बघतोय, मुख्याध्यापिका टायवाल्याकडे. मग 'वी विल लुक इन्टू इट.' आणि चहा-बिस्किटं.

त्या मुलीच्या नावापुढे वर्षभर लाल ठिपका लागत राहिला. पेंडिंग. वहीत अभ्यास पूर्ण, अक्षर असं की माझ्या लेकीला मी दाखवावं. पण फोटो चढायचा नऊनंतर, आणि साडेसातनंतर केलेला अभ्यास ॲपच्या लेखी झालेलाच नसतो.

बाईंना विचारलं तर त्या बिचाऱ्या रडकुंडीला. "अहो, तो ठिपका मला काढताच येत नाही!" त्यांच्यावर माझा राग नाही. वर्गात पोरं, घरी गेल्यावर पुन्हा त्याच पोरांचे फोटो तपासायचे, मध्येच कुठल्यातरी पोर्टलवर माहिती भरायची. हे ॲप आणताना त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. शाळेत रोज उभं राहणारी बाई आणि घरी अभ्यास घेणारी आई, या दोघींना सोडून बाकी सगळ्यांनी मिळून ठरवलं.

आता 'तुला तंत्रज्ञानच नकोय' म्हणत कोणी येऊ नका. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडणारे डिसले गुरुजी परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले. 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा याच भिंतीवर मी पोस्ट टाकली होती. आणि हो, ग्रहण म्हणजे नेमकं काय ते माझ्या लेकीला डिजिटल बोर्डावर पाहूनच समजलं, माझ्या लिंबू-मोसंबीने नाही. मान्य.

पण जिल्हा परिषदेच्या शाळांचंच बघा. कितीतरी गावांत लोकवर्गणी काढून शाळा डिजिटल झाल्या. टीव्ही कुठे लावायचा, किल्ली कुणाकडे, सुट्टीत तो कोण सांभाळणार, हे गावात चारचौघांत बोललं गेलं. माझा भाऊ आमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. त्या समितीत पाऊण हिस्सा पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे ते. सगळीकडे ती धड चालते असं नाही, बऱ्याच ठिकाणी सह्यांपुरतीच असते. तरी मुख्याध्यापकांना "गुरुजी, हे कशाला घेतलं?" विचारायला माझ्या भावाला एक खुर्ची आहे. आम्ही एवढी फी भरून त्या खुर्चीला मुकलो, कारण विनाअनुदानित खाजगी शाळांना ती समिती लागूच नाही.

आमच्यासाठी पालक-शिक्षक संघ. 2011 च्या शुल्क कायद्याने त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि फी ठरवताना तिची मंजुरी घ्यायची. म्हणून तर टॅबचे पैसे फीमध्ये धरलेलेच नाहीत! ते वेगळे, 'ऐच्छिक'. ऐच्छिक म्हणजे घेतला नाही तरी चालेल, फक्त वर्गातला निम्मा अभ्यास त्यावर असेल. वा रे ऐच्छिक!

आणि माहितीचं काय? पोरगी किती वेळात गणित सोडवते, कुठे अडते, कितीदा चुकते, सगळं साठतंय. कुणाकडे आणि किती वर्षं? शाळा सोडल्यावर पुसणार का? साध्या दुकानदाराला आपण दहा प्रश्न विचारतो. केंद्राने 2023 मध्ये माहिती संरक्षणाचा कायदा केला, त्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती हवी म्हटलंय. शाळांना नियमांत सवलती ठेवल्यात, ठाऊक आहे मला. पण संमती म्हणजे काय हो? समजावून सांगायचं, विचार करायला वेळ द्यायचा आणि 'नाही' म्हणणाऱ्याच्या पोरावर राग काढायचा नाही. न वाचता येणाऱ्याचा अंगठा घेतात तसा आमचा घेताय तुम्ही, शाईऐवजी काचेवर.

कोरोनात, 2020 च्या जुलैत, केंद्राने ऑनलाइन वर्गांना निदान मर्यादा आखून दिली होती. पहिली ते आठवीला दिवसाला 30 ते 45 मिनिटांच्या दोनच तासिका. आज टॅबवर किती तासिका, ते मेसेजमध्ये नाही.

सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवतंय? 2022 ला गावाने ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. वरून कोणी सर्क्युलर पाठवलं नव्हतं. गावानेच बसून ठरवलं, म्हणून घराघरांत पाळलं गेलं. आता उद्या तिथली शाळा म्हणाली, सातला टॅबवर लॉगिन करा, तर? आधी गावाशी बोलावंच लागेल ना!

आमच्या आयांच्या वेगळ्या ग्रुपवर मात्र सकाळपासून 'डन', 'डन' चाललंय. मजकूर कुणी वाचलेला नाही. मी विचारलं तर एकीने लिहिलं, "जाऊ दे गं, उगाच नजरेत कशाला यायचं?" आधी संताप आला. पण ती काही खोटं बोलत नव्हती. पोर त्यांच्या ताब्यात दिवसाचे सहा तास, प्रकल्पाचे मार्क त्यांच्या हातात. भीती मलाही वाटते. प्रत्येक गोष्ट सगळ्या पालकांना विचारत बसलं तर शाळा चालायची नाही, हेही कळतं. खडू कुठला आणायचा ते नका विचारू. टॅबचं विचारा.

दुपारी त्या ताईंचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा भांडायचं म्हणतील. त्या विचारत होत्या, टॅब हप्त्याने मिळतो का, आणि सेकंड हँड चालेल का. मोफत शिक्षणाच्या कायद्याखाली शाळेत आलेल्या पोरीची आई हप्ते विचारतेय आणि शाळा इमोजी टाकतेय.

मी टिचकी मारलेली नाही. मुख्याध्यापिकांना अर्ज लिहिलाय, मराठीत. खर्च किती आणि दुरुस्ती कुणी करायची, माहिती कुठे जाते, टॅबवर तासिका किती, टॅब नसलेल्या मुलीने काय करायचं, आणि हे सगळं ठरवण्याआधी पालकसभा कधी. त्या ताईंचा प्रश्न सगळ्यात वर घातलाय, त्यांना विचारून. उद्या सकाळी साडेसातला गेटवर असेन, अर्जाच्या दोन प्रती घेऊन. एकीवर पोच घेणार आहे. शाळेतले जे कोणी इथे आहेत त्यांनी सही करायला या. मुलाचं नाव नको असेल तर नुसतं 'पालक, पाचवी ब' लिहा, चालेल. पेन मी आणते.