फ्लोरिडाचा कायदा म्हणजे पुरावा नव्हे

सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाडा पाण्याखाली गेला आणि घरच्या ग्रुपवर दाजींनी लिहिलं, "हा पाऊस विमानातून पाडलाय. खोटं असतं तर अमेरिकेत बंदीचा कायदा कशाला झाला असता?" तेव्हापासून हेच वाक्य लातूरहून पुन्हा पुन्हा येतंय. मी फ्लोरिडातल्या टॅम्पात राहतो. तो कायदा माझ्याच राज्यातला आहे, म्हणून बोलणं भाग आहे.

१ जुलै २०२५पासून फ्लोरिडात हवामान, तापमान किंवा सूर्यप्रकाश बदलायला हवेत काही सोडणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद, एक लाख डॉलरपर्यंत दंड. टेनेसीने २०२४मध्येच बंदी घातली होती. पण कुणाला विष फवारताना पकडलं म्हणून हे घडलं नाही. विमानामागच्या पांढऱ्या रेघेची लोकांना भीती वाटते, आणि ती रेघ म्हणजे इंजिनातली वाफ गोठून झालेला बर्फ. आमदारांनी भीतीचं ऐकलं. आपल्याकडेही दुष्काळात पवनचक्क्या ढग पळवतात म्हणून गावंच्या गावं चिडली होती. तेव्हा पवनचक्क्यांवर बंदी आली असती, तर ते खरं ठरलं असतं का, दाजी?

याच देशात टेक्सास परवाना देऊन ढगांत बीजारोपण, म्हणजे पाऊस वाढवायला ढगांत कण सोडणं, करू देतं. परवाना मागणाऱ्याला स्थानिक वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते, लोकांना हरकत घेता येते. मला हे फ्लोरिडाच्या बंदीपेक्षा कितीतरी शहाणपणाचं वाटतं. महाराष्ट्राने २००३, २०१५ आणि २०१९मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. सोलापुरात पुण्याच्या शास्त्रज्ञांना सुमारे १८ टक्के जास्त पाऊस दिसला, तोही मुळात योग्य ढग होते म्हणून. ऑक्टोबर २०२५मध्ये दिल्लीत हवेत ओल फारच कमी होती, विमान उडालं आणि पाऊस जवळपास पडलाच नाही. कोरड्या आभाळातून जो पाऊस निघत नाही, तो पूर कुठून आणणार?

दाजी म्हणाले, "तिकडं बसून तुला काय कळतंय?" ते लागलं. २०१६मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी इथेच होतो, पैसे पाठवत होतो. आई घागरी भरायला पहाटे उठत होती. ग्रीन कार्डावर इथे मत नाही, आणि तिथलं द्यायचं तर मतदानाला लातुरात हजर राहावं लागतं. दाजींना मत आहे. त्यांनी आमदारांना विचारावं: ढगांत काही सोडण्याआधी आमच्या गावात नोटीस लावाल का, आणि २०१९च्या प्रयोगाच्या खर्चातून कुठल्या तालुक्यात किती पाऊस पडला?