काकू, पाठ सरळ!

मागच्या श्रावणात नणंदेकडे सत्यनारायण होता. आरती झाली, जेवणं झाली, पंगत उठली आणि मी पाटावर तशीच. उठायचं होतं हो, उठवत नव्हतं. डावा हात जमिनीवर, उजवा शेजारच्या खुर्चीवर, मग एक गुडघा, मग ‘आई गं’, आणि शेवटी भाच्याने काखेत हात घालून उभं केलं. सगळे हसले, मीही हसले. वय ५३. सहा वर्षं रोज सकाळी हनुमान टेकडी, धो धो पाऊस सोडला तर खाडा नाही. परत येताना रिक्षात मात्र माझं तोंड बंद होतं. मग एवढं चालले ते गेलं कुठे?

डॉक्टरीणबाईंनी गुडघे दाबून पाहिले आणि विचारलं, ‘‘चालण्याशिवाय काय करता?’’ मी म्हटलं, घरकाम. त्या फक्त हसल्या.

चालण्याला मी नावं ठेवत नाही. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे १९५३ सालीच छापून आलंय. हलतं राहिलंच पाहिजे. पण जागतिक आरोग्य संघटनेचं ‘आठवड्याला किमान १५० मिनिटं’ सगळ्यांना पाठ असतं. त्याच्याच पुढचं, आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम करा, हे वाक्य आपण सोयीस्कर गाळतो. टेकडीवरच्या आमच्या ग्रुपमध्ये मी विचारलं, चौदा जणांत दोघांनाच ते माहीत होतं. आणि ते दोघे टेकडीनंतर पोहे खायला थांबत नाहीत, हेही नोंदवून ठेवते.

आता घरकाम. ‘‘दिवसभर मरमर करतो, वेगळा व्यायाम कशाला?’’ हे मीच शंभर वेळा म्हटलंय. माझी आजी खरंच म्हणू शकली असती. जातं, पाटा-वरवंटा, जमिनीवरची विळी, उकिडवं बसून भांडी, देशी संडास, पंगतीला वाकून वाढणं. दिवसातून पन्नास वेळा ती जमिनीपर्यंत जायची आणि परत उभी राहायची. आम्ही काय केलं? ओटा आला, मिक्सर आला, डायनिंग टेबल आलं, कमोड आला, फरशी पुसायला दांडा आला आणि तो दांडा धरायला बाई आली. यातलं काहीही मला परत द्यायचं नाहीये (जातं तर मुळीच नको!). पण यातल्या प्रत्येक सोयीने एकेक बैठक कमी केली, तिच्या बदल्यात आम्ही काहीच घातलं नाही. त्यात तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतच असतात, आणि पाळी गेली की बायकांची हाडंही भराभर विरळ होतात. दोन्हींना टिकायला ओझं लागतं. तेही हळूहळू वाढणारं. रोज तोच कुकर उचलून स्नायूला वाढायचं काही कारण उरत नाही.

‘‘पण मी बारीकच आहे,’’ म्हणणाऱ्यांसाठी आपल्या पुण्यातलीच गोष्ट. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! काटा तोच, आतला माल वेगळा. जेवणानंतर रक्तातली साखर साठवणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. आपल्याकडे ते कोठारच लहान, वर पोहे, साबुदाणा आणि भात. घरोघरी डायबेटिस का, याचं निदान एक कारण तरी इथे सापडतं.

तर मी जिममध्ये गेले. पहिल्या दिवशी लाज वाटली. आजूबाजूला आरशात दंड बघणारी पोरं आणि मी पंजाबी ड्रेसमध्ये. शिकवणारा साताऱ्याकडचा मुलगा, माझ्या लेकापेक्षा लहान. पहिले तीन आठवडे त्याने वजनाला हात लावू दिला नाही. नुसतं बाकड्यावर बसायचं, हात न टेकता उठायचं. ‘‘काकू, पाठ सरळ! काकू, श्वास सोडा!’’ मग दोन किलो, पाच किलो. सहा महिन्यांनी त्याने जमिनीवरची दांडी दाखवली : ‘‘तीस किलो आहे, उचला.’’ उचलली. घरी येऊन हिशोब केला, भरलेला सिलिंडर साधारण एवढाच भरतो. (बीपी, हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. माझं बघून थेट सिलिंडरला हात घालू नका.)

आणि वय झालं म्हणू नका. १९९० मध्ये अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली होती. त्यांच्या पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदी, बरं का!

हे मी आईला वाचून दाखवलं. ती ७८ची. ‘‘त्यांना काय, बसून खातात,’’ म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात खुर्ची भिंतीला टेकवून बसली. आता कुकर लावला की पहिली शिट्टी होईपर्यंत उठबस चालू. आधी ओट्याला धरून चारच व्हायच्या. परवा मी बाहेरून ओरडतेय, ‘‘आई, गॅस बंद कर, पाच शिट्ट्या झाल्या,’’ तर आतून आवाज, ‘‘थांब गं, नऊ झाल्यात, एक राहिलीय.’’