फौजेला नवं काही दाखवायचंय? या, बसा

गेल्या मंगळवारी आमच्या भोसरीच्या शेडवर एक मेल येऊन पडला. 'सदर उत्पादन यापूर्वी किमान तीन वर्षे संरक्षण दलांना पुरवल्याचे पुरावे सोबत जोडावेत.' त्याच मेलमध्ये, वर चार बोटांवर, उत्पादनाचा प्रकार लिहिला होता: 'नवीन तंत्रज्ञान'. मी मेल दोनदा वाचला, कटिंग मागवला आणि ठरवलं की एवढं ज्ञान एकट्याने दाबून ठेवणं बरं नव्हे. तुमच्यात कुणी तरुण, होतकरू, घरच्यांचं न ऐकणारा उद्योजक असेल, तर हे त्याच्यासाठी.

आधी अभिनंदन. काळ तुमचाच आहे. २०१८ साली 'आयडेक्स' आली, फौजेसाठी नवं काही बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांना पैसे देणारी संरक्षण खात्याची योजना. नमुना बनवायला दीड कोटीपर्यंत अनुदान, तिच्याच 'प्राइम' या भागात दहा कोटींपर्यंत, आणि २०२४ पासून 'अदिती' या भागात पंचवीस कोटींपर्यंत. तेवढेच पैसे तुम्हीही घालायचे. योजना चांगली आहे, हे मी तोंड वाकडं न करता सांगतो. तिथून काही पोरं खरोखर वर आली. पण तुम्ही आमच्यासारखे उतावळे असाल, वस्तू आधी स्वतःच्या खिशातून बनवून मोकळे झाला असाल, तर तुमच्यासाठी दुसरं दार आहे. त्यावर पाटी आहे: 'नो कॉस्ट, नो कमिटमेंट'.

ही पाटी नीट वाचा. 'नो कॉस्ट' त्यांना. 'नो कमिटमेंट'सुद्धा त्यांचीच. कांदेपोहे तुमचे, हॉल तुमचा, गाडीभाडं तुमचं. पाहुणे पोहे खाऊन 'कळवतो' म्हणतात, आणि कळवणाऱ्या मामांची तोवर बदली झालेली असते.

आमची वस्तू साधी आहे. लिथियमची बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायला गेलात की आत लिथियमचा थर बसत जातो आणि बॅटरी कामातून जाते. तिकडे वर, बर्फातल्या ठाण्यांवर, जवानांचे वायरलेस सेट, कॅमेरे, ड्रोन, सगळं या बॅटऱ्यांवर. म्हणून आम्ही एक पेटी केली. ती आधी बॅटरीला ऊब देते आणि मगच चार्ज करते. बस, एवढंच. त्यात रॉकेट नाही.

चाचणी अर्थातच हिवाळ्यात, चौदा हजार फुटांवर. जागेचं नाव सांगत नाही. पेटीत तिची स्वतःची मोठी बॅटरी, त्यामुळे प्रवासी विमानात घेत नाहीत. मग घाट बर्फाने बंद व्हायच्या आत, ऑक्टोबरातच, ट्रकने पाठवा. चाचणी डिसेंबरात. डिसेंबरात कळलं, जानेवारीत. जानेवारीत मी आणि आमचा फिटर विमानाने गेलो. उंचीची सवय व्हावी म्हणून सहा दिवस नुसतं पडून राहायचं. हा नियम बरोबरच आहे, जीव जातो नाहीतर. सहा दिवस खोलीचं भाडं, बुखारीचं, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीचं, रॉकेल, आणि फिटरचं डोकं धरून बसणं. सातव्या दिवशी निरोप आला की चाचणी घेणाऱ्या बोर्डातले एक साहेब खाली कॉन्फरन्सला गेलेत, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात हवामान. त्याच्या पुढच्या आठवड्यात चाचणी झाली, एका रात्रीची.

त्या रात्री उणे बावीस होतं. आमच्याबरोबर एक हवालदार होता, साताऱ्याकडचा. तो रोज वायरलेसच्या बॅटऱ्या बनियनच्या आत, छातीशी घेऊन झोपायचा. गार पडू नयेत म्हणून. 'सवय झालीया,' म्हणाला, 'कुशी बदलली की टोचत्यात.' त्या रात्री त्याने त्या पेटीत ठेवल्या. सकाळी सगळे दिवे हिरवे. त्याने पेटीवर हात फिरवला आणि म्हणाला, 'साहेब, ही हितंच ठिवून जावा की.'

ठेवून आलो. कशी आणणार परत?

आणि रिपोर्ट? रिपोर्ट वर गेलाय. मी विचारलं, वर म्हणजे कुठे, चौदा हजार फुटांच्या वर अजून कोण बसतं? उत्तर आलं नाही. नंतर समजलं की आमच्या चाचणीचा अहवाल आम्हाला दाखवणार नाहीत. काय चुकलं कळणार नाही, काय बरोबर आलं तेही कळणार नाही. तीन महिन्यांनी ज्या मेजरसाहेबांनी बोलावलं होतं त्यांची पोस्टिंग झाली. नव्या साहेबांनी फार आदराने विचारलं, 'आपण कोणत्या पेटीबद्दल बोलताय?'

असो. पुढचे सल्ले पटापट.

प्रदर्शनात स्टॉल घ्या. मोठे साहेब येतात, वस्तू उचलून बघतात, 'वजन किती?' विचारतात, फोटो होतो. मेमेंटोसाठी घरी कपाट करून घ्या.

वजन कमी करा, मजबुती वाढवा, किंमत उतरवा. तिन्ही एकाच वेळी.

प्रेझेंटेशन मोबाईलमध्ये ठेवू नका. तो गेटवर जमा होतो.

वस्तूत काय काय हवं, त्या फौजेच्या अपेक्षांचा कागद हातात पडला की घाबरू नका. आपले गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री होते तेव्हा, २०१५ साली, तेच बोलून गेले होते की या अपेक्षा कधीकधी मार्व्हलच्या कॉमिक्समधून उचलल्यासारख्या वाटतात. त्याच वर्षी एका रायफलीची निविदा रद्द झाली. २०११ च्या त्या निविदेत एकच रायफल हवी होती, पण नळी बदलली की ५.५६ मिलिमीटर आणि दुसरी लावली की ७.६२. चार वर्षं गेली आणि जवानाच्या हातात जुनीच राहिली.

धीर धरा. पुण्यात पाषाणला एआरडीई ही शस्त्रं बनवणारी सरकारी प्रयोगशाळा आहे, तिच्या 'एटॅग्स' तोफेचं बघा. २०१३ ला काम सुरू. भारत फोर्ज आणि टाटा सोबतीला. पोखरणची वाळू झाली, सिक्कीमची थंडी झाली, २०२० मध्ये पोखरणलाच चाचणीत नळी फुटून माणसं जखमी झाली. ३०७ तोफांचा करार झाला मार्च २०२५ मध्ये, सुमारे ६,९०० कोटींचा. बारा वर्षं. तोफ आहे, लागोत बापडी. त्यांच्यामागे कारखाने होते. तुमच्यामागे बायकोच्या नावावरचा वन बीएचके आहे, बँक तो आनंदाने ठेवून घेते.

आणि एवढं करूनही जमत नसेल, तर चीनमधून सुटे भाग मागवा, इथे जोडा, वर तिरंग्याचा स्टिकर लावा. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोली लावणारे, तुम्हीच. हे माझ्या मनाचं नाही. चिनी भागांच्या कारणावरून ४०० ड्रोनचे तीन करार, सुमारे २३० कोटींचे, फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द करावे लागले. करार होईपर्यंत कुणाला स्क्रू खोलून बघावासा वाटला नाही? आणि आपल्या धंद्यातल्या लोकांनो, लाज कशी वाटली नाही? तुमच्यामुळे आता माझ्याकडे एकेका कनेक्टरचा जन्मदाखला मागतात, आणि मागायलाच पाहिजे.

नाही, आता थट्टा जमत नाही.

हवाईदल प्रमुख ए. पी. सिंग २०२५ च्या मे महिन्यात उद्योगवाल्यांसमोर उभे राहून म्हणाले की वेळेत पुरा झालेला एकही प्रकल्प आठवत नाही. खरं आहे, साहेब. आम्ही तारखा देतो आणि चुकवतो, त्याबद्दल झोडा आम्हाला. पण घड्याळ तुमच्याही भिंतीवर लावा. चाचणी झाली की तीस दिवसांत लेखी उत्तर द्या. 'नको' म्हणा, मी दुसरं काहीतरी करीन. 'नको' म्हणायला पैसे लागत नाहीत, सही लागते. बोलावणारा अधिकारी बदलला तर फाईल नव्या माणसाच्या हातात देऊन जा. रेशनच्या गोदामात सुद्धा चार्ज देताना पोती मोजतात. छोट्या कंपनीला वर बोलवायचं असेल तर निदान ट्रकचं भाडं तरी द्या. तुम्हाला ते कुठे दिसणार नाही, इथे त्यात चार कामगारांचा पगार असतो. आणि ते तीन वर्षांच्या पुराव्याचं कलम कुणीतरी खुर्च्या-कपाटांच्या निविदेतून उचलून चिकटवलंय, ते आधी खोडा. नव्या वस्तूला जुना पुरावा मागताना, टाइप करणाऱ्याचं राहू द्या, सही करणाऱ्याने तरी वाचायला नको?

गेल्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. साताऱ्याचा हवालदार नव्हे, तो कधीच खाली आला. हा दुसराच, हिंदीत बोलणारा पोरगा. पेटीवरच्या स्टिकरवरून माझा नंबर काढला होता. म्हणाला, 'सर, डिब्बे का फ्यूज उड़ गया है, दूसरा कौन सा लगेगा?'

दोन हिवाळे झाले. पेटी रोज चालू आहे. कुणाच्या कागदावर ती नाही, आणि मला मेल येतो की ही वस्तू दलांनी वापरल्याचा पुरावा जोडा.

फ्यूज त्याच दिवशी कुरिअरने पाठवला, दहा जास्तीचे घालून. त्याचं बिल लावत नाही. मेलला उत्तर द्यायची मुदत शुक्रवारी संपतेय, आणि पुराव्याच्या रकान्यात मी तेवढंच लिहिणार आहे: वर फोन लावा, पोराला विचारा.