‘मोठा नंबर म्हणजे थंड प्लग’ : खुलासा

जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘खान्देशात पारा ४५ वर जातो, म्हणून जुन्या पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडरला दोन नंबर मोठा, म्हणजे थंड स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतो तो) टाका.’ कृपया टाकू नका.

पहिली चूक आकड्यांची, आणि तीच जास्त धोक्याची. एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉश कंपनीच्या प्लगमध्ये नेमकं उलट. तिथे दोन नंबर वाढवले तर प्लग जास्त गरम होतो, पेट्रोल वेळेआधीच पेट घेतं आणि पिस्टनला भोक पडायची वेळ येते.

दुसरं, ‘थंड-गरम’चा ठिणगीशी संबंध नाही. प्लगचं टोक आपली उष्णता इंजिनच्या हेडकडे (प्लग बसतो त्या वरच्या भागाकडे) किती लवकर सोडतं, एवढंच त्यातून कळतं; लवकर सोडणारा तो थंड. सिलिंडरमधला जाळ २००० अंशांच्या वर असतो, तिथे बाहेरच्या पाच-दहा अंशांनी काय होणार? टोक साधारण ४५० अंशांवर गेलं की काजळी आपोआप जळते. गावातल्या गावात हळू फिरणाऱ्या गाडीत थंड प्लग तिथवर तापतच नाही. माझ्या मामांच्या पद्मिनीत असा प्लग घातला होता; पंधरा दिवसांत काढला तर टोकावर बोटाला लागेल अशी कोरडी काळी काजळी. मॅन्युअलमधला नंबर परत घातल्यावर टोकाला छान बिस्किटाचा रंग आला.

भर उन्हात गाडी बंद पडते ती बहुतेकदा पेट्रोलची पंपात, नळीत वाफ झाल्यामुळे. त्यात प्लगचा दोष नाही.